नवसाची मुंबई

मुंबईचा इतिहास लिहिणारे बहुधा किल्ल्यापासून सुरुवात करतात. पोर्तुगीज आले, त्यांनी बेटे इंग्रजांच्या राजाला लग्नात आंदण दिली, गव्हर्नर आले आणि गेले, गोद्या बांधल्या गेल्या, आगगाडी धावू लागली, गिरण्यांचे भोंगे वाजू लागले. ही हकीकत खरी आहे आणि ती सांगितलीही पाहिजे. परंतु या शहराची आणखी एक वही आहे. ती कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही, कारण ती नवसांत, दृष्टान्तांत आणि तोंडोतोंडी पसरलेल्या चमत्कारांच्या बातम्यांत लिहिली गेली आहे. कोणत्या काळात मुंबईच्या माणसाला कशाची उणीव भासत होती आणि तो कशाला भीत होता, हे त्या वहीइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळते. दिवाळीच्या फराळाबरोबर तिची काही पाने वाचकांपुढे ठेवावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ही पाने चाळायला वाकोल्यासारखी जागा नाही. सांताक्रूझ या स्टेशनाच्या नावातच पवित्र क्रूस आहे, कारण या पोर्तुगीज शब्दांचा अर्थच तो. स्टेशनाच्या पूर्वेला, हमरस्ता ओलांडला की वाकोला लागते. एके काळी हे साष्टीतले एक खेडे होते. भातशेती, गावठाण आणि मराठीच्याच एका बोलीत बोलणारे ख्रिस्ती शेतकरी अशी त्याची वस्ती. १८८७ साली या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. पुढे चाळी आल्या, झोपड्या आल्या, १९५० साली हा मुलूख बृहन्मुंबईत आला, आणि आज सेंट अँथनीचे देऊळ, मशिदी, मंदिरे, गणपतीचे मांडव आणि डोक्यावरून जाणारी विमाने असा तेथे सगळा मेळ आहे. या वस्तीतून एक नाला वाहतो. तो पुढे मिठी नदीला मिळतो आणि मिठी माहीमच्या खाडीला. या नाल्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

॰

मुंबईच्या चमत्कारांचे पहिले पान पाण्यातून निघते, आणि ते साहजिकच आहे. अठराव्या शतकात मुंबई हे एक शहर नव्हते. ती बेटांची माळ होती, आणि भरतीच्या वेळी समुद्र बेटांमधून आत घुसे. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधले खिंडार सर्वांत मोठे. ते बुजवण्याचे काम विल्यम हॉर्नबी या गव्हर्नराच्या काळात, म्हणजे १७७१ ते १७८४ या वर्षांत झाले. त्या बांधाला पुढे त्याचेच नाव मिळाले. परंतु लोकांच्या तोंडची कथा वेगळी आहे. बांध घालावा आणि तो लाटांनी फोडावा, असे वारंवार होऊ लागले. तेव्हा कामावरील रामजी शिवजी या पाठारे प्रभू गृहस्थांना देवीचा दृष्टान्त झाला. ‘आम्ही खाडीत पडून आहोत, आम्हांला वर काढ, म्हणजे तुझा बांध टिकेल.’ वरळीच्या खाडीत शोध केला, देवींच्या मूर्ती सापडल्या आणि बांध उभा राहिला, असे सांगतात.

याच उपसागराच्या उत्तरेच्या टोकाला, वांद्र्याच्या डोंगरावर, दुसरी कथा आहे. एका कोळ्याला स्वप्न पडले की समुद्रात तुला मूर्ती मिळेल. आणि मूर्ती पाण्यावर तरंगत आली. ती मारियेची. कोळ्यांनी तिला नाव दिले मोत माउली, म्हणजे मोत्याची आई. सप्टेंबरात तिची जत्रा आठ दिवस भरते आणि तिथे जाणाऱ्यांत कोण ख्रिस्ती आणि कोण हिंदू हे ओळखू येत नाही.

या दोन कथा शेजारी ठेवल्या की एक गोष्ट ध्यानात येते. धर्म निराळे, पण घडण एकच. देवता समुद्रात आहे, ती एका साध्या माणसाच्या स्वप्नात येते, आणि वर आली की त्या जागेला आधार मिळतो. ज्या लोकांच्या पायाखालची जमीन रोज दोन वेळा भिजत होती, त्यांनी समुद्राकडून आपल्या वस्तीला जणू संमती मागून घेतली. बांध दगडाने टिकला, यात शंका नाही. पण दगड वाहणाऱ्या हजारो मजुरांची नावे कुठल्याच कागदात नाहीत. त्यांच्या श्रमाची आणि धास्तीची जी काही आठवण उरली, ती त्या दृष्टान्ताच्या कथेतच उरली. कंपनीच्या कागदांत गव्हर्नर आहे. कथेत निदान बांधावर राबणारा एक आपला माणूस आहे.

॰

जमीन मिळाली, वस्ती वाढली, मग मागणे बदलले. प्रभादेवीचे सिद्धिविनायकाचे मंदिर १८०१ साली लक्ष्मण विठू पाटील यांनी बांधले, आणि त्यासाठी पैसा दिला तो माटुंग्याच्या देऊबाई पाटील या आगरी बाईने. तिला मूल नव्हते. आपल्याला झाले नाही, पण इथे येणाऱ्या दुसऱ्या बायकांची कूस उजवावी, ही तिची इच्छा होती, असे सांगतात. जिला ‘वांझ’ म्हणून हिणवत आणि मंगल कार्यात मागे उभे करत, अशा काळातल्या एका बाईने आपल्या दुःखातून उभे केलेले हे देऊळ आहे. आज तिथे मंगळवारी रांगा लागतात. रांगेत कोणी नोकरी मागते, कोणी परीक्षेतले यश, कोणी घराची किल्ली. देऊबाईचे नाव मात्र रांगेतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

नवस हा आपल्याकडे एक करार आहे. ‘तू हे दे, मी ते वाहीन.’ तुकोबांसारख्या संतांनी या व्यवहाराची यथेच्छ थट्टा केली आहे, आणि ती योग्यच होती. पण इतिहासाच्या दृष्टीने हा करार फार बोलका असतो, कारण माणूस देवाजवळ खोटे मागत नाही. लालबागचे उदाहरण घ्या. तिथला पेरू चाळीचा बाजार १९३२ साली बंद पडला. कोळणी आणि लहान व्यापारी उघड्यावर आले. त्यांनी बाजाराला कायमची जागा मिळावी म्हणून नवस केला, जागा मिळाली, आणि १९३४ साली तिथे गणपती बसला. ‘नवसाला पावणारा’ ही त्याची ख्याती तेव्हापासूनची. म्हणजे आज ज्याच्या दर्शनाला लाखो लोक रात्रभर उभे राहतात, त्या गणपतीच्या मुळाशी मासळीची पाटी ठेवायला हक्काची जागा असावी, एवढीच मागणी होती.

वांद्र्याच्या जत्रेतही हेच दिसते. तिथे मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळे विकायला असतात. ज्याचे जे दुखते किंवा ज्याला जे हवे, ते त्याने माउलीपुढे ठेवायचे. त्यांत मेणाची घरेही असतात. तळहातावर मावणारी, छपराची, दाराखिडक्यांची घरे. मुंबईच्या घरटंचाईवर समित्यांचे पुष्कळ अहवाल निघाले असतील. पण एखाद्या बाईने पदराखाली धरून डोंगर चढवलेले ते मेणाचे घर त्या सर्व अहवालांइतकेच खरे आहे.

॰

वहीचे सर्वांत काळे पान १८९६ सालचे आहे. त्या वर्षीच्या २३ सप्टेंबरला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीतल्या रोग्यांना तपासून सांगितले की, हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग आहे. व्हिएगस मूळचे गोव्याचे, धर्माने ख्रिस्ती. शहराच्या कारभाऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना हे निदान नको होते. प्लेग म्हटला की बंदर बंद पडणार. परंतु रोगाने कोणाची परवानगी विचारली नाही. सक्तीने रुग्णालयात नेणे, घरांची झडती, सामानाची जाळपोळ सुरू झाली. लोक जिवाच्या भीतीने पळू लागले आणि शहर ओस पडले. १८९१ च्या गणतीत ८,२१,७६४ असलेली वस्ती १९०१ मध्ये ७,७६,००६ भरली.

भीतीच्या काळात चमत्कार दोन तऱ्हेचे होतात. एक कृपेचे आणि एक कोपाचे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले होते. लोकांत वदंता उठली की, प्लेग हा राणीचा सूड आहे, आणि रुग्णालयात नेलेल्या माणसांची काळजे काढून तिच्याकडे पाठवतात. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. आज आपण या वदंतेला हसू. पण जिथे नेलेला माणूस बहुधा परत येत नव्हता आणि नेणारा परक्या सरकारचा शिपाई होता, तिथे लोकांनी दुसरे काय समजावे? जे सरकार आपल्याला काहीच सांगत नाही, त्याच्याविषयी लोक आपणच गोष्टी रचतात.

कृपेची आठवण मात्र दगडात राहिली. गिरगाव, माझगाव, वांद्रे इथल्या ख्रिस्ती वाड्यांत आणि साष्टीच्या गावठाणांत गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभे दिसतात. त्यांतले कितीतरी या प्लेगच्या वर्षांतले आहेत. कोणी ‘आमच्या वाडीत रोग येऊ नये’ म्हणून उभारला, कोणी ‘आला नाही’ म्हणून. प्लेगपासून राखणारे म्हणून सेंट सबॅस्टियन आणि सेंट रॉक यांचा त्या काळी धावा होई. वैशाखाच्या संध्याकाळी या क्रूसांपुढे फुले वाहून शेजारपाजारची मंडळी प्रार्थना म्हणत. मरीआईचा गाडा गावाबाहेर नेऊन सोडणारे आणि क्रूसापुढे मेणबत्ती लावणारे शेजारी शेजारी राहत होते. एकाच उंदराची त्यांना सारखीच भीती होती.

उंदीर म्हटले, पण उंदरावरची पिसू हा रोग माणसाला देते, हे १८९८ पर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. त्या वर्षी पॉल-लुई सिमोन या फ्रेंच डॉक्टराने कराचीत ते दाखवून दिले. तोवर मुंबईचे अधिकारी गटारांत कार्बोलिक ओतत होते. म्हणजे चूक केवळ भाविकांचीच होत होती असे नव्हे. शास्त्रही चाचपडत होते. फरक एवढाच की शास्त्राला आपली चूक पुन्हा तपासून पाहण्याची सवय होती. भायखळ्याला हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. तरीही लोक टोचून घेईनात. तेव्हा इस्माइली खोजांचे धर्मगुरू तरुण आगाखान पुढे आले आणि त्यांनी आपल्या अनुयायांसमोर ती लस स्वतः टोचून घेतली. त्यांच्या मागून त्यांचे लोक आले.

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. श्रद्धा आणि चौकशी यांचे हाडवैरच असले पाहिजे, असे आपण हल्ली धरून चालतो. १८९६ च्या मुंबईत तसे नव्हते. ज्या समाजाने गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभारला, त्याच समाजातल्या डॉक्टराने कोणाच्याही रागालोभाची पर्वा न करता रोगाचे नाव सांगितले. ज्या धर्मगुरूपुढे लोक वाकत होते, त्यानेच त्यांना सुईपुढे हात धरायला शिकवले.

॰

स्वातंत्र्यानंतरच्या मुंबईत रोगाची भीती कमी झाली, गर्दी वाढली. माहीमच्या सेंट मायकेल देवळात १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना होते; तिथे सर्व धर्मांचे लोक आपली मागणी कागदावर लिहून आणतात. मखदूम अली माहिमी या चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या विद्वान सुफीचा दर्गाही जवळच आहे, आणि त्यांच्या उरुसाला मानाची चादर माहीमचे पोलीस नेतात. हे शेजार मुंबईला नवे नव्हे.

नवी होती ती बातमीची गती. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो, ही वार्ता दिल्लीकडून उठली आणि दूरध्वनीवरून काही तासांत देशभर पोहोचली. मुंबईतही मंदिरांपुढे भांडी घेऊन रांगा लागल्या. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवले की चमच्यातले दूध मूर्तीला टेकताच पृष्ठताणाने ओढले जाते आणि पातळ धारेने मूर्तीवरून खाली उतरते. साध्या दुधाची ती धार पांढऱ्या संगमरवरावर डोळ्याला दिसत नाही, इतकेच. ज्या घरांत पोरांना दूध पुरत नव्हते त्या घरांतूनही त्या दिवशी दूध निघाले, ही गोष्ट मात्र कोणत्याही प्रयोगाने पुसता येत नाही.

आता आपण त्या नाल्याकडे येऊ. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिठी आणि तिला मिळणारे नाले फुगले आणि काठच्या वस्त्या बुडाल्या. पुढच्याच वर्षी, १८ ऑगस्ट २००६ रोजी संध्याकाळी, माहीमला बातमी पसरली की समुद्राचे पाणी गोड झाले. माणसे धावली. लहान मुलांना पाजले, बाटल्या भरून घरी नेल्या, माहीमच्या बाबांची ही कृपा असे म्हटले. कारण सोपे होते. पावसाळ्यात मिठी नदीतून येणाऱ्या पाण्याने खाडीचा खारेपणा कमी झाला होता. परंतु ते पाणी येते कोठून? कारखान्यांच्या, गोठ्यांच्या आणि लाखो माणसांच्या सांडपाण्यातून. पवईपासून कुर्ल्यापर्यंत आणि वाकोल्याच्या नाल्यातून. पालिकेने आणि डॉक्टरांनी ते पिऊ नका म्हणून कळवळून सांगितले. ज्या प्रवाहाने वर्षापूर्वी घरे बुडवली, त्याच प्रवाहातले पाणी लोक ओंजळीने पीत होते. यात नुसते अज्ञान पाहू नये. ज्या वस्तीत नळाला तासभर पाणी येते आणि त्यासाठी हंडे रांगेत उभे राहतात, तिथे अथांग गोड पाणी फुकट मिळाल्याची बातमी खरी ठरावी असे वाटणे स्वाभाविक आहे. पण स्वाभाविक असले तरी ते पाणी विषारीच होते.

॰

शेवटचे पान वाकोल्यापासून फार दूर नाही. २०१२ च्या मार्चमध्ये विलेपार्ल्यात, वेलांकणी माउलीच्या देवळाबाहेरील एका क्रूसावरील येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. भाविक जमले, काहींनी ते तीर्थ म्हणून घेतले. एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या सांगण्यावरून सनल इडामारुकू हे बुद्धिवादी गृहस्थ दिल्लीहून आले. त्यांनी क्रूसापुढून मागे जाऊन पाहिले. मागे सांडपाण्याची वाट तुंबलेली होती; ते पाणी भिंतीत मुरत होते, आणि दिव्याच्या वातीत तेल चढते तसे वर चढून खिळ्याच्या भोकातून बाहेर येत होते. धर्माधिकाऱ्यांनी या घटनेला चमत्कार म्हणून मान्यता दिलेली नव्हती. तरीही वाद पेटला. भारतीय दंडसंहितेच्या २९५ अ या, १९२७ साली आलेल्या कलमाखाली धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या, आणि अटकेची भीती पाहून ते गृहस्थ त्याच वर्षी फिनलंडला गेले. ती संहिता २०२४ मध्ये गेली. त्याच आशयाचे कलम नव्या न्याय संहितेत आहे.

याच मुंबईत त्यापूर्वी दीडशे वर्षे एक खटला चालला होता. करसनदास मुळजी यांनी ‘सत्यप्रकाश’ पत्रात वैष्णव महाराजांच्या अनाचारावर लिहिले, तेव्हा जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजार रुपयांची अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. डॉ. भाऊ दाजी यांच्यासारख्या प्रतिष्ठित माणसाने निर्भयपणे साक्ष दिली, आणि एप्रिल १८६२ मध्ये निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. तेव्हाही जातिबहिष्काराचे भय होते, तेव्हाही भावना दुखावल्या होत्या. पण विचारणाऱ्याला शहर सोडावे लागले नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, हे आठवले की हा फरक किती मोठा आहे ते कळते. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी कित्येक वर्षे खटपट केली. तो झाला त्यांच्या मृत्यूनंतर.

मग भाविकाने काय करावे? श्रद्धा सोडावी, असे सांगण्याचा अधिकार इतिहासाला नाही. त्याची गरजही नाही. संत ठरवताना रोमच्या धर्मपीठानेच कित्येक शतके एक अधिकारी नेमलेला असे. त्याचे काम चमत्काराविरुद्ध शक्य तितके आक्षेप काढणे. आपल्या संतांनीही बुवाबाजीवर कोरडे ओढले आहेत. श्रद्धेला तपासणीचे भय नसते. भय असते ते तिच्या नावावर व्यवहार करणाऱ्यांना.

या वहीत आपण जमीन मागितली, मूल मागितले, रोगापासून सुटका मागितली, बाजाराला जागा मागितली, पाणी मागितले. यांतील बहुतेक मागण्या देवाजवळ कराव्या लागल्या, कारण त्या ज्याच्याजवळ करायच्या तो कारभारी ऐकत नव्हता. म्हणून चमत्काराची बातमी आली की दोन्ही कामे करावीत. हात जोडायचे असतील त्यांनी जोडावेत. आणि कोणीतरी भिंतीमागे जाऊन पाहावे. तो जाऊन आला की त्याला दटावू नये. त्याने दाखवलेले तुंबलेले गटार उपसून घ्यावे, कारण त्याच गल्लीत आपली मुले खेळतात.